सिमिटाची चद्दर

कोरडी चद्दर करवतीखाली आली की दात आंबावेत असा करकर आवाज होतो आणि पाठोपाठ उन्हात पांढरट धूळ तरंगू लागते. माझ्या थोरल्या भावाचं सगळं तारुण्य मला त्या धुळीतच आठवतं. लालबर्र्‍याच्या रस्त्यावरच्या कितीतरी राईस मिलांवर दादाने छपरं चढवली. चद्दर जमिनीवर आडवी टाकायची, तिच्यावर पाय रोवायचा आणि करवत चालवायची. तोंडाला फार तर गमछा, तोही उन्हासाठी. त्याच्या पापण्या पांढऱ्या होत. “पहा, म्हातारा झालो मी,” असं म्हणून तो स्वतःच हसे आणि आम्हीही हसत असू. काम आटोपलं की गुळाचा खडा खायचा, म्हणजे धूळ पोटात उतरते आणि छाती साफ राहते, अशी आमच्या साऱ्या वस्तीची अढळ श्रद्धा. किती स्वस्त आणि किती गोड होतं ते समाधान!

मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात आम्ही घरी मराठी बोलतो, पण वस्तूंची नावं बाजारातून हिंदीत येतात. झोपलेल्या लेकराच्या अंगावर मायेने ओढतो ती चद्दर आणि छपरावर ठोकतो तीही चद्दरच. त्यात सिमेंट म्हणजे पक्कं, टिकाऊ, कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, घरात वाढलेल्या माणसाला प्रतिष्ठा देणारं. अशा नावाच्या वस्तूचं भय कुणाला आणि कसं वाटावं?

मग दादाला अंगणातून ओट्यावर चढतानाही धाप लागू लागली. गावातल्या डॉक्टरांनी तेव्हाच विचारलं होतं, ॲस्बेस्टॉसचं काम केलं का कधी? दादा अगदी ठामपणे म्हणाला, “नाही साहेब, ते आपल्या इकडे नसते.” तो खोटं बोलला नव्हता. तो शब्द त्याच्या कानावर कधी पडलाच नव्हता, आणि माझ्याही नाही. मग दम्याची औषधं सुरू झाली, आणि ती घेता घेता फार काळ निघून गेला. त्या एका शब्दाची मला अजून हळहळ वाटते.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी प्रश्न वेगळा विचारला. छपरं कशाची घालत होता? दादा म्हणाला, “सिमिटाच्या चद्दरीची.” बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्या चद्दरीतच ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात, त्यांनी शांतपणे समजावलं. डोळ्यांना न दिसणारे ते तंतू श्वासाबरोबर फुफ्फुसात रुततात आणि वर्षानुवर्षं त्याला राठ करत राहतात. आता त्रास कमी करता येईल, पण गेलेलं परत आणता येणार नाही. मला रडू आलं. इतकं भोगलेल्या माणसाला त्याच्या दुखण्याचं नाव इतक्या उशिरा कळावं, याला काय म्हणावं?

 दादा मात्र दाराकडे पाहत होता. बाहेरच्या बाकावर वहिनी तोंडाला पदर लावून खोकत होती. तिचा तो खोकला आम्ही सगळ्यांनी चुलीच्या धुराचा म्हणून सोडून दिला होता. “बाई, हिलेबी तपासा,” दादा म्हणाला, “माहे कपडे रोज हीच झटकत होती.”

वहिनीला आत बोलावलं. ती संकोचून उभी राहिली, आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत.

“मले काहून तपासता?” ती म्हणाली. “मी तं कधी कामाले गेलीच नाही. मी घरीच होती.”