विहिरीवरची म्हातारी

रबाळ्याच्या एका कारखान्यात शिवराम टाइम ऑफिसात होता. कामगारांची कार्डं तपासायची, उशिरा आलेल्यांच्या सबबी ऐकायच्या आणि वर सायबांची बोलणी खायची, असं सोळा वर्षांचं पुण्यकर्म. एक्कावन्नाव्या वर्षीच माणूस इतका शिणला होता की बसल्या जागी डुलकी लागायची. तरुणपणी त्याने जलशांसाठी वग लिहिले होते. तो राहायचा त्या दिघ्याच्या वस्तीतल्या जुन्या माणसांना त्यातले संवाद अजून पाठ होते. शिवरामला स्वतःला मात्र आठवत नसत.

१९८८ साली कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि त्याच्यामागोमाग सरोजिनी आली. गोठिवलीची, डिप्लोमा झालेली, बावीस वर्षांची. कारखान्याच्या संमेलनात कामगारांच्या मुलांना खेळायला ती एक खेळ बनवत होती. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी वाक्यं उमटायची. खेळणाऱ्याने आधी आपण कोण ते लिहायचं, राजपुत्र, शिपाई की मांत्रिक, आणि वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत राक्षसाच्या गुहेपर्यंत जायचं. मशीन तिला वश होतं, पण गोष्ट काही जमेना. कुणीतरी शिवरामचं नाव सुचवलं.

"काका, मानसं खरी वाटली पायजेत," ती म्हणाली. "आणि कोण आलंय ते बघून ज्याच्या त्याच्याशी वेगळं बोलली पायजेत."

शिवराम नाही म्हणणार होता, पण नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो. पहिली पाळी सुटली की तो तिच्या खोलीत जाऊन बसू लागला. प्रत्येक पात्राला चारच वाक्यं, त्यापलीकडे मशीनमध्ये जागा नाही. पानंच्या पानं भरणाऱ्याला हा निव्वळ जाच होता. राक्षसाने त्याचा घाम काढला. विहिरीवरची म्हातारी मात्र दहा मिनिटांत कागदावर उतरली. राजपुत्राला ती घागर देते, शिपायाला ओंजळभर पाणी देते, मांत्रिकाला घाबरून पाया पडते. जो या तिघांपैकी कुणीच नसेल, त्याच्यासाठी चौथं वाक्य. सरोजिनी खूश झाली. शिवराम घरी जाऊन जेवला आणि झोपला.

संमेलनाच्या आदल्या दिवशी तिने त्यालाच खुर्चीत बसवलं. "तुमीच पयले खेळा, काका."

तू कोण, मशीनने विचारलं. शिवरामने एका बोटाने अक्षरं शोधत सरळ आपलं नाव लिहिलं. जंगल झालं, नदी झाली, विहीर आली. पडद्यावर म्हातारी बोलली, "पायरीला शिवू नको. लांब ऱ्हा, वरून वतते."

शिवरामने ते पुन्हा एकदा वाचलं. अंबडकडच्या त्याच्या गावात, सात वर्षांचा असताना, हे वाक्य त्याने रोज ऐकलं होतं. आणि पंधरा दिवसांपूर्वी त्यानेच ते जांभया देत लिहून दिलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. राग आला, पण रागापेक्षा थकवाच जास्त होता.

"हे बदलायचंय, मॅडम."

"बदलू की. पण एवढ्याच जागेत बसवा. मशीन फुल झालंय."

त्याने पेन उघडलं. जलशात असल्या बायांना त्याने भर चौकात जाब विचारला होता. पण गावविहिरीवरची बाई आपण होऊन पाणी देते तेव्हा नेमकं काय बोलते, हे त्याने कधी ऐकलंच नव्हतं. चारदा लिहिलं, चारदा खोडलं. सगळं भाषणासारखं येत होतं.

"तुमच्या गावात अनोळखी मानूस विहिरीवर आला, तर म्हाताऱ्या काय म्हनायच्या?" त्याने विचारलं.

सरोजिनी आठवू लागली. "माझी आजी ना..." म्हणाली आणि अडखळली. मग खाली बघत बोलली, "पयलं विचारायची, कोनाचा रं तू."

शिवरामने मान हलवली. त्याला नवल वाटलं नाही. त्याने पेनचं टोपण लावलं.

"मग तिला बोलूच देऊ नका. नुसतं पानी देऊ द्या."

सरोजिनीने वाक्य पुसलं. शिवरामने पुन्हा आपलं नाव लिहिलं, जंगल आणि नदी ओलांडून विहिरीवर आला. म्हातारीने काही न बोलता घागर पुढे केली, एवढंच पडद्यावर उमटलं.

बराच वेळ झाला तरी तो पुढे जाईना.

"काका, आता पुढचं बटण दाबा."

"थांबा जरा, मॅडम," शिवराम म्हणाला. "पिऊ द्या."