उजळलेली अंगठी

नवऱ्याची प्लॅटिनमची अंगठी मला हॉस्पिटलने पारदर्शक पिशवीतून परत दिली. ती बोटातून काढलेली नव्हती, किल्ल्यांच्या जुडग्यात होती. तो इंजिनिअर होता. कतारमध्ये फुटबॉलच्या विश्वचषकासाठी बांधल्या जाणाऱ्या एका स्टेडियमवर एसीच्या पाइपांचे काम बघायचा. साइटवर अंगठी घालायला बंदी होती. गेटवर पोचला की तो ती किल्ल्यांच्या कडीत अडकवायचा आणि संध्याकाळी दोह्यातल्या अबू हमूर भागात घरी आला की पुन्हा बोटात घालायचा. तीन वर्षे हे चालले.

"डबीत ठेवत जा ना. ओरखडे बघ किती पडलेत," मी म्हणायचे.

"प्लॅटिनम झिजत नाही, हे दुकानात तूच ऐकवलं होतंस मला."

"झिजत नाही म्हणून किल्ल्यांवर घासायची?"

"मी साइटवरून येतो तेव्हा कसा दिसतो? मग तिनेच का नटून यावं?"

स्पर्धेला पाच वर्षे उरली असताना एका सकाळी साइटच्या ऑफिसात त्याचे हृदय बंद पडले. तो सत्तेचाळीस वर्षांचा होता. मी ज्या वर्तमानपत्रात काम करत होते, त्यात त्या आठवड्यात त्याच स्टेडियमच्या छताची बातमी होती. ती दुसऱ्या कोणीतरी संपादित केली.

वर्षश्राद्धासाठी नाशिकला जाण्याआधी अंगठी माझ्या मापाची करून घ्यायची असे मी ठरवले. त्याच्या वस्तूंपैकी रोज अंगावर वागवता येईल अशी तेवढीच होती. आमच्याकडे दागिना एका हातातून दुसऱ्या हातात जाताना आधी उजळून घेतात. सासूबाईंनी फोनवर उजळून घ्यायची आठवणही करून दिली.

सोन्याच्या बाजारात रत्नागिरीचा एक कारागीर होता. मेट्रोच्या कामामुळे तिकडचा रस्ता दर आठवड्याला बदलायचा. त्या दिवशी मला पोचायला तास लागला. त्याने अंगठी कोमट साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने धुतली आणि भिंगाखाली धरली.

"सोनं घासलं की थोडं थोडं जातं, वैनी. हे जात नाही, बाजूला सरकतं. ही रेघ बघा. मधे खड्डा, कडेला उंचवटा. वाळूत बोट ओढल्यासारखं. माल सगळा इथंच आहे."

"मुलामा द्यावा लागेल?"

"तो पांढऱ्या सोन्याला. हे आतूनच पांढरं. बारीक रेघा साठल्या की असं करडं होतं. काही गिऱ्हाइकं मुद्दाम तसंच ठेवतात. तुम्हाला ठेवायचंय?"

"उजळून द्या," मी म्हणाले.

"रेघा काढू ना सगळ्या?"

"हो."

आईच्या बांगड्या, मुलीची कर्णफुले, जे काही सोनाराकडे नेले त्याबरोबर मी ‘उजळून द्या’ हेच दोन शब्द नेले होते. त्या दिवशी ते विचार न करता तोंडातून गेले.

चार दिवसांनी अंगठी मिळाली. तिचा एक तुकडा कापून टोके जोडली होती. मग गुळगुळीत पोलादी हत्याराने दाबून उंचवटे खाचांत बसवले होते आणि शेवटी टप्प्याटप्प्याने पॉलिश केले होते.

"आरसा झालाय बघा," तो म्हणाला.

मी ती तीनदा फिरवली. एकही रेघ नव्हती.

"त्या रेघा परत येतील?"

तो हसला. "घाला की! दोन वर्षांत हव्या तेवढ्या येतील."

"त्या माझ्या असतील."

त्याने हातातले फडके खाली ठेवले. "साहेबांची होती?"

"हो."

"सांगायचं होतंत, वैनी. मी दोनदा विचारलं."

त्याने दोनदा विचारले होते. मी तसे म्हणाले. मग त्याने गल्ल्यातून एक छोटी पुडी काढून पुढे केली. कापलेला तुकडा गिऱ्हाइकाला परत द्यायचा, हा त्याचा नियम होता. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा तुकडा होता तो.

"जिथं जास्त मार बसला होता तिथूनच कापलंय. याला पॉलिश लावलेलं नाही."

भिंगातून पाच ओरखडे आणि एक खोल खाच दिसली.

नाशिकला विधी झाले, पाने उठली. सासूबाईंनी माझे बोट हातात घेतले. "छान उजळली गं. अगदी नवी दिसते."

मी पुडी उघडून तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. हा त्याच अंगठीचा, यावर त्याच्या कामावरचे ओरखडे आहेत, बाकीचे मी घालवले, असे सांगितले. चष्म्याशिवाय त्यांना एवढे बारीक दिसत नाही. चष्मा त्यांनी मागितला नाही. अंगठ्याने तुकडा बराच वेळ चाचपला.

"खरखरीत आहे," त्या म्हणाल्या आणि तो पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला.

तीन दिवसांनी मी दोह्याला परत निघाले. तुकड्याचा विषय त्यांनी काढला नाही. मीही तो परत मागितला नाही.