फाटक उघडल्यावर थांबलेली पोरं

पूर्णा जंक्शन म्हणजे गाड्यांना दम खायची जागा. गाडी दम खाते तेव्हा फाटक बंद असतं, आणि फाटक बंद असतं तेव्हा अख्खं गाव रस्त्यावर उभं राहून रेल्वेला शिव्या घालतं. गावाबाहेरच्या त्या फाटकावर एकच माणूस असा होता, की दांडा खाली यायला लागला की त्याचा चेहरा खुलायचा. बुद्धभूषण खिल्लारे, पंक्चरवाला.

लोकांना वाटायचं, थांबलेल्या गाड्यांत हवा भरायला मिळते म्हणून हा खूष. हवा तर तो भरायचाच. पण त्याचा जीव अडकलेला असायचा शाळेच्या पोरांत. पोरं सायकली एकमेकींवर टेकवून त्याच्या टपरीच्या सावलीला यायची. समोरून मालगाडी निघालेली, संपायचं नाव नाही.

"काका, डबे मोजून कटाळा आला. सांगा की कायतरी."

मग बुद्धभूषण ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधता शोधता सांगायला लागायचा. कधी मनाचं, कधी खरं. एक दिवस स्टेशनमास्तरची टोपी पळवणाऱ्या शेळीची गोष्ट, तर दुसऱ्या दिवशी ट्यूबमधल्या हवेला बाहेर यायची एवढी घाई का असते, ते. यातली गोष्ट कोणती आणि माहिती कोणती, याच्याशी पोरांना काही देणंघेणं नव्हतं. त्यालाही नव्हतं. पुढे पुण्याच्या लोकांनी त्याची पुस्तकं दोन वेगळ्या कप्प्यांत लावली, तेव्हा त्याला समजलं की आपण दोन प्रकारचे लेखक आहोत.

गोष्ट पास का नापास, हे फाटक ठरवायचं. गाडी गेली, दांडा वर गेला, भोंगे सुरू झाले, की पोरं ताडकन उठून सायकलीवर टांग मारून निघाली तर समजायचं, गोष्टीतली हवा गेली. आणि मागून जीपवाला बोंबलत असतानाही पोरं तिथंच बसून "मग काय झालं काका?" करत राहिली, तर गोष्ट पक्की. तेवढीच तो घरी जाऊन लिहायचा. पोरं शाळेत उशिरा पोचायची आणि "फाटक बंद होतं" सांगायची. मास्तरांना ते पटायचं, कारण फाटक बंदच असायचं.

या लिहिलेल्या कागदांचं पुस्तक झालं ते त्याच्या बायकोमुळे. सुकेशनी ही त्या भागातली आशाताई. घराघरांत जाऊन लसी आणि बाळंतपणं सांभाळणारी बाई, तिला पसारा खपत नाही. कपाटातल्या साड्यांवर कागद आले तेव्हा तिने ते सगळे उचलून पुण्याच्या एका प्रकाशक बाईंना पाठवून दिले. "छापलं तर छापलं, न्हाई तर त्यायच्या कपाटात राहील," असा तिचा साधा हिशेब. 'फाटक बंद होतं' हे गोष्टींचं पुस्तक तसं आलं. त्यामागून 'चाकातली हवा' आलं, ते माहितीचं. आणि त्या दुसऱ्या पुस्तकाला पुण्याच्या एका मोठ्या संस्थेचा बालसाहित्याचा पुरस्कार मिळाला.

नेमका त्याच महिन्यात उड्डाणपूल सुरू झाला.

आता या पुलाबद्दल बुद्धभूषणला तक्रार करायला तोंड नव्हतं. पूल मागणाऱ्यांत तोच पुढे होता. एकदा बंद फाटकापाशी रुग्णवाहिका अडकली, आणि सुकेशनीने एका बाईचं बाळंतपण तिथंच, रुळांपासून हाकेच्या अंतरावर केलं. बाळ-बाळंतीण दोघं सुखरूप. पण त्या दिवसापासून बुद्धभूषण प्रत्येक रास्ता रोकोला पहिल्या रांगेत मांडी घालून बसला. घोषणा त्यानेच रचल्या होत्या, आणि त्या चांगल्या जमल्या होत्या. सरकारने ऐकलं. पूल झाला, फाटक कायमचं काढून टाकलं, पोरं वरून भुर्रकन जायला लागली. गाव सुटलं आणि लेखक अडकला.

सत्कार मात्र जंगी झाला. पुलाच्या उद्घाटनाचा मांडव उभाच होता, मग त्याच मांडवात याचाही सत्कार उरकून घेतला. फ्लेक्सवर पुढाऱ्यांचे चेहरे ढोलाएवढे आणि बुद्धभूषणचा खाली कोपऱ्यात, झाकणाएवढा. शाल, पुष्पगुच्छ, भाषणं. एका वक्त्याने त्याला पुलाचा शिल्पकार म्हटलं आणि दुसऱ्याने बालकांचा अभियंता. दोघांच्या चिठ्ठ्या अदलाबदल झाल्या असाव्यात.

मग शाळांची आमंत्रणं सुरू झाली. प्रकाशक बाईंना तिसरं पुस्तक उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत हवं होतं. विषय ठरला होता, आपली काळी माती. उन्हाळ्यात तिला भेगा का पडतात, पावसात ती चपलेला का सोडत नाही, घराच्या भिंती का तडकवते. बुद्धभूषणने पहिलं प्रकरण लिहून काढलं, 'मातीचे प्रकार'. ते चांगलं आहे का, हे मात्र त्याला कळेना. इतक्या वर्षांत त्याने फाटकाला विचारल्याशिवाय एक ओळ पुढे नेली नव्हती. बरं झालं, शाळेत पोरं भेटतील, असं म्हणून तो ते प्रकरण घेऊन गावातल्या एका शाळेत गेला.

तिथले मुख्याध्यापक नागनाथ सर शिस्तीचे. "पुरस्कारप्राप्त साहित्यिक आलेले आहेत. मांडी घाला. हाताची घडी, तोंडावर बोट."

बुद्धभूषणने अख्खं प्रकरण वाचलं. एक पोरगं हललं नाही. इतकी गप्प पोरं त्याने आजवर फक्त इंजेक्शनच्या रांगेत पाहिली होती. वाचून झाल्यावर सरांनी हात वर केला आणि टाळ्या पडल्या, एका ठेक्यात. एका मुलीने उठून, छताकडे बघत, "मान्यवरांचे विचार ऐकून आम्ही भारावून गेलो आहोत" असं पाठ म्हटलं.

"बाळांनो, खरं सांगा," बुद्धभूषण म्हणाला, "कुठं कटाळा आला?"

पोरांनी सरांकडे पाहिलं. सर हसले. "आमच्या शाळेत कुणाला कंटाळा येत नाही, खिल्लारे साहेब."

घरी आल्यावर तो जेवायलाही नीट बसेना. सुकेशनी भाकरी थापता थापता बघत होती.

"टाळ्या पडल्या म्हणून तोंड पाडून बसलेला माणूस मी पहिल्यांदा बघायलेय."

"अगं, सरांनी हात वर केला म्हणून पडल्या त्या."

"मग मला वाचून दाखवा."

"तू उठून जातीस मधीच."

"आता तुमाला उठून जाणारंच माणूस पायजे म्हणता न्हवं?"

"कटाळा आला म्हणून उठलेलं पायजे. तू भाकर करपायली म्हणून उठतीस. मला दोन्हीतला फरक कसा कळावा?"

सुकेशनीने खरोखरच भाकरी उलटली. "काय बाई नखरे लेखकांचे," ती म्हणाली. पण मग थोड्या वेळाने, न हसता, "जमंना गेलं तर त्या बाईला सरळ सांगून टाका. रोज असं झुरून काय होणार?"

त्याच्याही मनात तेच होतं. आणखी शाळा झाल्या, आणखी टाळ्या झाल्या. एवढ्या सन्मानात आपल्याला लिहिता येतं का नाही, हेच त्याला समजेनासं झालं. तिसरं पुस्तकच काय, हे कामच बंद करावं. पंक्चर काढावेत आणि गप घरी यावं. दिवाळीची सुट्टी लागायच्या आधीच्या एका दुपारी त्याने ठरवून फोन हातात घेतला. टपरी आता पुलाच्या अगदी खाली आली होती. वरून गाड्या धडधडत होत्या आणि खाली सावलीत बसून तो मनातल्या मनात वाक्य घोळवत होता, 'मॅडम, तिसरं पुस्तक काही जमत नाही.'

तेवढ्यात एक रबरी बॉल येऊन त्याच्या पाण्याच्या घमेल्यात पडला. फोन ओला, माणूस ओला.

"काका, बॉल," खांबाआडून बबलू आला. पुलाखाली रोज क्रिकेट खेळणाऱ्या टोळीचा हा कप्तान. चूक झाल्याचा लवलेशही चेहऱ्यावर नाही.

बुद्धभूषणने बॉल झटकला. त्याच्या तोंडून सहज गेलं, "एक गंमत ऐकता का रे?"

"न्हाई. म्याच चालूय."

बॉल घेऊन पोरगं पळालंसुद्धा. बुद्धभूषण तसाच बघत राहिला. पुरस्कार मिळाल्यापासून त्याला कुणी 'न्हाई' म्हटलेलंच नव्हतं. त्याने फोन खिशात ठेवला, स्टूल उचललं आणि आपल्या नंबराची वाट बघत विटांवर बसलेल्या पोरांशेजारी जाऊन टेकला.

त्याने 'मातीचे प्रकार' सुरू केलं. दुसरा प्रकार यायच्या आत एक पोरगं फिल्डिंगला गेलं, तेही समोरच्या संघाच्या. चौथ्याला विटा मोकळ्या झाल्या. बुद्धभूषण घरी आला आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

"काय, जमलं का?" सुकेशनीने विचारलं.

"सगळी उठून गेली!"

"कौतुकच आहे बाई," ती म्हणाली आणि तिसरी वाढली.

दुसऱ्या दिवशी त्याने वेगळीकडून धरलं. शेतातल्या भेगेत सायकलची स्पोक सोडली तर ती सरळ आत जाते, मग दोन स्पोका बांधून सोडल्या, तरी तळ लागेना, असं. पोरं एक ओव्हर बसली. एवढी भेग म्हणल्यावर साप असंल की आत, असं कुणीतरी म्हणालं आणि गेलं. मग त्याला पुलाचं काम चालू असतानाची गोष्ट आठवली. ती त्याने तिसऱ्या दिवशी काढली.

"ह्याच खांबाचा खड्डा खांदायले होते. भर उन्हाळा. जेसीबीनं लय खोलातून एक ढेकूळ काढलं. फुटलं तर आत बेडूक. वाळून खारीक झालेला, डोळे मिटलेले. डायवर म्हणाला, मेलाय. मी म्हणलं, थांब, जरा पाणी टाक. त्यानं आपल्या प्यायच्या बाटलीतलं पाणी—"

"दीपिका! तुजा नंबर!" तिकडून बबलू ओरडला.

दीपिका म्हणजे टोळीतली सगळ्यात भारी फलंदाज. एकदा ब्याट हातात आली की दिवस मावळेपर्यंत ती देत नाही, म्हणून पोरं तिला आधी पाठवतच नाहीत. ती उठली, चार पावलं गेली, वळली.

"काका, मी येईस्तोवर पुढं सांगायचं न्हाई. सांगितलं तर बघा."

पहिलाच बॉल साधा, गुडघ्याएवढा, हळूहळू आलेला. असा बॉल ती एरवी पलीकडच्या खांबावर नेऊन आपटते. आज तिने ब्याट भलतीकडेच फिरवली. मागे स्टंप म्हणून रचलेल्या विटा धाडकन पडल्या. ब्याट टाकून ती पळतच आली.

"मुद्दाम औट झालीस तू!" बबलू लालबुंद.

"न्हाई. बॉल खाली बसला."

"इथं शिमिटाची फरशी हाय! बॉल बसतोय कुठं?"

"तू गप रे. हं काका. बेडूक."

बुद्धभूषणने स्टूल पुढे ओढलं. "पाणी टाकलं. काहीच न्हाई. आणखी टाकलं. मग एक पाय हलला. मग दुसरा. आन् मग डोळे उघडून त्यानं डायवरकडं असं बघितलं, जसं ह्यानंच आपली झोपमोड केली."

"मग?" हे विचारणारा बबलू होता. भांडायला म्हणून आला होता, तो तिथंच उभा राहिला होता.

"मग जाऊन त्याच्याच चपलेवर बसला."

विटांवर एकच हशा झाला. फिल्डिंगची पोरं कधी जवळ आली ते कळलंच नव्हतं. खेळपट्टीवर एकटा बॉल पडलेला.

बबलूला कप्तानकी आठवली. "काका, एक सांगतो. उद्यापासून म्याच चालू असताना तुमी बोलायचं न्हाई. आमाला फिल्डिंगला माणूस राहिना गेलंय."

"बरं," बुद्धभूषण म्हणाला. एवढा मोठा मान त्याला मांडवातही मिळाला नव्हता. त्याने हात पुसले आणि तिथूनच पुण्याला फोन लावला.

"मॅडम, 'मातीचे प्रकार' काढून टाकतोय. पुस्तक बेडकापासून सुरू होईल."

"अहो, पण शिक्षकांना प्रकार लागतात," प्रकाशक बाई म्हणाल्या. "ते मागतील."

"मग घालू की शेवटच्या पानावर," बुद्धभूषण म्हणाला. "शिक्षक काही मधूनच उठून जात न्हाईत."