तेस्फायेचे पाच सोमवार

गुरुवार, १५ मे १९९७, सकाळी दहा वाजून पाच मिनिटं. सुरतेच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या कचेरीत रंजना महाजन एका सुदानी मुलाच्या निवास-परवान्याच्या प्रतींवर शिक्के मारत होती. डोक्यावर पंखा होता, पण कागद उडतात म्हणून दुपारपर्यंत ती तो लावत नसे. तेवढ्यात तेस्फाये आला आणि त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेले मांडे तिच्यापुढे ठेवले.

"दीदी, अखाजी का है. लोटूनाना के गाँव से."

रंजनाचा शिक्का हातातच राहिला. "गाव? तू गावाला गेला होतास? किती दिवस?"

"पाँच." तो खुशीत होता. अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशातला मोठा सण. त्याला शेतात झोका बांधून दिला होता आणि बायकांनी त्याच्यावर गाणंही रचलं होतं.

तेस्फाये इथिओपियाचा, टेक्सटाइलच्या शेवटच्या वर्षाला. पदवीसाठी कापड रंगवणाऱ्या कारखान्यात सहा आठवडे प्रत्यक्ष काम करावं लागे आणि त्यात एक दिवसही कमी चालत नसे. त्याचं काम १७ जूनला संपायचं होतं. दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा. बाहेरचा परीक्षक त्या एका दिवसापुरता येणार, नंतरची परीक्षा थेट डिसेंबरात. व्हिसा मात्र ३० जूनपर्यंतच होता, आणि मायदेशातल्या सरकारी गिरणीने त्याची जागा जुलैपर्यंत राखून ठेवली होती. पाच दिवस बुडाले म्हणजे पदवी बुडाली आणि तिच्यामागे नोकरीही.

परदेशी मुलांचं हे टेबल कॉलेजात कुणालाच नको होतं. मुलांची भाषा समजत नाही, काम पोलीस कचेरीतही असतं आणि विद्यापीठातही, चूक झाली तर पत्र दिल्लीहून येतं. नऊ वर्षांपूर्वी सर्वांत नवी कारकून म्हणून ते रंजनाच्या गळ्यात पडलं. तिचे वडील निंबा महाजन खानदेशातल्या शिंदखेड्याकडून येऊन सुरतेच्या पांडेसरा औद्योगिक वसाहतीत कापड रंगवायला लागले, तेव्हा ती तीन वर्षांची होती. चाळीत पहिली पदवी तिची. तीही सकाळचं कॉलेज आणि दुपारी साड्यांना फॉल लावण्याचं काम करून. पदवीच्या कागदाला घरात काय मोल असतं, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्या टेबलावरून गेलेला एकही परदेशी मुलगा आजवर पदवीवाचून परतला नव्हता.

दुपारी ती पांडेसऱ्याला गेली. तेस्फायेला तिथे तिनेच लावून दिलं होतं, वडिलांचे गाववाले मुकादम लोटूनाना यांच्या हाताखाली.

"नाना, त्याले गावले काब्रं लई गयात?"

"तूच तं सांगेल व्हतं, पोरले एकलं सोडू नका," लोटूनाना म्हणाले. "अखाजीले आख्खं खातं गावले गयं. मंग त्यानी काय रंगना हौदसंगे सण करवाना व्हता?"

"त्याना पाच दिन बुडनात, नाना. डिग्री जाई त्यानी."

नाना खिशातलं पेन काढून म्हणाले, "आन तो कागद. पाच सह्या मी मारी देस. मुकादम शे मी."

रंजनाने कागद पुढे केला नाही. तिथेच वाढूनही अखाजीला पांडेसरा ओस पडतो, हे तारखा ठरवताना तिच्या ध्यानात आलं नव्हतं. ती चूक तिची होती, नानांची नव्हे.

प्राचार्य देसाईसाहेबांचा सल्लाही नानांसारखाच निघाला. "अरे रंजनाबेन, हाजरी पूरी दो ने! कोण जोवानुं छे?"

"वकिलातीचे लोक बघतात, साहेब. तीन वर्षांपूर्वी एका मुलाच्या हजेरीची त्यांनी थेट कारखान्यात चौकशी केली. तो आठ महिने पदवीसाठी अडकला होता. याला खोटी हजेरी मी लावणार नाही."

"मग पाच दिवस आणणार कुठून?"

याचं उत्तर तिला घरी मिळालं. विजेची ओढाताण म्हणून प्रत्येक औद्योगिक वसाहतीची साप्ताहिक सुटी वेगळ्या वारी असे. वडिलांचा पांडेसऱ्यातला कारखाना सोमवारी बंद. भाऊ योगराज सचिन नावाच्या दुसऱ्या वसाहतीतल्या कारखान्यात, त्याची सुटी शुक्रवारी. त्या संध्याकाळी योगराज दुसऱ्या दिवशीच्या सुटीचे बेत सांगत होता, तशी आई धुरपदाबाई पोळपाट आपटून म्हणाली, "या घरमा दोन रविवार शेतस. मन्हा एक बी नही!"

निंबा हसले. रंजना हसली नाही. ती कॅलेंडरपाशी जाऊन सोमवार मोजू लागली. परीक्षेआधी पाच उरले होते. त्या पाचही दिवशी पांडेसरा बंद आणि सचिन चालू.

दोन कारखान्यांत मिळून काम केलेलं नियमाला चालत होतं. फक्त आधी लेखी परवानगी हवी. शुक्रवारी देसाईसाहेबांनी अर्ज वाचून सही केली आणि विद्यापीठाला फोनही स्वतःच लावला. शनिवारी सकाळी ती सचिनला गेली. तिथला मॅनेजर म्हणाला, "परदेशी पोरगा आहे. हात भाजला तर जबाबदार कोण?"

"कागदावर मी," रंजना म्हणाली, "आणि मशीनवर माझा भाऊ."

तेस्फायेला मात्र तिने सौम्यपणे सांगितलं नाही. "आता महिनाभर सुटी नाही. एकही नाही. झोका विसर."

"जी, दीदी."

पाचही सोमवारी तो सुरतेतल्या उधन्याहून सकाळी सातच्या बसने सचिनला गेला. तिसऱ्या सोमवारी त्याला ताप होता, तरी गेला. दुपारी योगराजने त्याला कापडाच्या गठ्ठ्यांवर तासभर झोपवलं आणि तो तास संध्याकाळी भरून घेतला.

१८ जूनच्या तोंडी परीक्षेत परीक्षकाने विचारलं, तोच काळा रंग दोन ठिकाणी वेगळा का उतरतो? तेस्फाये पांडेसऱ्याचं पाणी, सचिनचं पाणी, दोन्हीकडची यंत्रं आणि तापमान यांवर बोलत राहिला. शेवटी परीक्षकानेच त्याला थांबवलं. देसाईसाहेब बाहेर आले ते थेट रंजनाच्या टेबलाशी. "बाकीच्या मुलांनी एक कारखाना पाहिला, यानं दोन. पुढच्या वर्षी सगळ्यांनाच दोन ठिकाणी पाठवायचं का?"

"पाठवू," ती म्हणाली. "अखाजी सोडून."

२६ जूनला तात्पुरतं पदवी-प्रमाणपत्र घेऊन तेस्फाये मुंबईच्या गाडीत बसला. लोटूनाना फलाटावर कुणालाही धरून सांगत होते, "आमना खातामा शिकेल शे हाऊ इंजिनेर!" निंबा महाजनांनी त्यांना दुरुस्त केलं, "मन्ही पोरनी करा त्याले इंजिनेर." गाडी हलेपर्यंत दोघांचा वाद मिटला नव्हता. रंजनाने दोघांनाही अडवलं नाही.

कचेरीत परतल्यावर तिने पुढची फाइल उघडली. युगांडाहून दोन मुली आल्या आहेत. पोलीस आयुक्तालयातली विदेशी नागरिकांच्या नोंदणीची खिडकी उद्या, शुक्रवारी, साडेदहाला उघडेल.