शून्य पेंडिंग आणि विकास नगरचा दिवा

आमच्या ऑफिसात किस्से गोळा करावे लागत नाहीत. संध्याकाळी टेबल आवरताना दोन-तीन आपोआप उरलेले असतात. फाइल निदान कपाटात तरी जाते. किस्सा मात्र माझ्याबरोबर मेट्रोत बसतो, घरी येतो, जेवताना आईच्या पुढ्यात सांडतो. आई म्हणते, "तू नोकरी करतेस की नाटक बघायला जातेस गं?" आता इतके साठलेत की वाटून टाकल्याशिवाय नवे ठेवायला जागा नाही.

तर मी केतकी. लखनौ महापालिकेच्या एका झोनल ऑफिसात अपडेट ऑपरेटर. म्हणजे नळ, नाली, कचरा, दिवे यांचं झोनमध्ये दिवसभर जे काही होतं, ते संध्याकाळी पाचच्या आत हेड ऑफिसला कळवायचं. बाबा एअरफोर्समधून रिटायर झाले आणि साताऱ्याला परत जायच्या ऐवजी सरोजिनी नगरला घर बांधून बसले, म्हणून मी इथली. अमौसी विमानतळावर उतरणारी विमानं आमच्या गच्चीवरून जातात. बाबा आवाजावरून विमान ओळखतात. मी प्रत्येकाला दचकते. वीस वर्षं झाली, तरी दचकते.

नोकरी सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर. पहिल्याच दिवशी आमचे हेड क्लार्क सक्सेनाजी, ज्यांना सगळे बडे बाबू म्हणतात, चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "बिटिया, एकच गोष्ट लक्षात ठेव. सहा महिन्यांच्या शेवटी झोनची पेंडिंग शून्य, तर कॉन्ट्रॅक्ट पुढे. एक तक्रार जरी लटकली, तर सामान बांध."

त्या दिवसापासून मी मनातल्या मनात रोज सामान बांधतेय.

(बोलणं सगळं हिंदीत झालेलं. मी मराठीत सांगतेय. जिथे हिंदीतच मजा आहे तिथे हात लावला नाही.)

*

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. रोजच्या फॉर्ममध्ये एक रकाना आहे: मोकाट जनावरांनी उद्यानाचं केलेलं नुकसान. त्या दिवशी काहीच झालं नव्हतं, म्हणून मी रकाना रिकामा सोडला.

पाच वाजून दहा मिनिटांनी फोन. मी अशी दचकले की रिसीव्हर हातातून सुटला. वर ओढून घेतला तेव्हा पलीकडचे गृहस्थ शांतपणे सांगत होते, "आपके झोन की सूचना अप्राप्त है."

"सर, पण आज काही झालंच नाही."

"तो वही भेजिए."

"काय भेजू?"

"कि कुछ नहीं हुआ."

मी शून्य लिहून पाठवलं. दुसऱ्या दिवशी पत्र आलं: शून्य प्रमाणित करून पाठवावं. शून्य प्रमाणित करायचं म्हणजे नेमकं काय? सगळ्या बागा फिरून, न मोडलेली झाडं मोजायची?

बडे बाबूंनी पत्र घेतलं, शिक्का मारला, सही केली आणि परत दिलं. ‘शून्य. सत्यापित.’

"तुम्ही तपासलंत कसं?"

"दोन वेळा पाहिलं," ते म्हणाले. "दोन्ही वेळा शून्यच होतं."

*

मग आमच्याकडे हजेरीचं मशीन आलं, चेहरा ओळखणारं. सगळ्यांनी ओळीनं उभं राहायचं, मशीन फोटो काढून ठेवणार, मग रोज त्या फोटोशी चेहरा जुळवणार. माझा नंबर आला, मी केस नीट केले, आणि ते अचानक बाईच्या आवाजात ओरडलं, "कृपया कैमरे की ओर देखें!"

झालं. रेकॉर्डमध्ये माझा जो चेहरा आहे त्याचे डोळे बशीएवढे आणि तोंड उघडं आहे.

तेव्हापासून मी साध्या चेहऱ्यानं गेले की मशीन म्हणतं, "चेहरा नहीं मिला." दोन पावलं मागे यायचं, डोळे फाडायचे, तोंड उघडायचं. "धन्यवाद, केतकी." हे रोज सकाळी, सगळ्या स्टाफसमोर. फोटो बदलून मागितला तर कळलं की त्यासाठी अर्ज लागतो आणि अर्जासोबत ओळख पटवावी लागते. कुठे? मशीनवर!

*

सफाईचे फोटो हा वेगळाच खेळ. रोज सकाळी प्रत्येक वॉर्डातून दोन फोटो: सफाईच्या आधीचा आणि नंतरचा. मी ते हेड ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचे. एकदा घाईत उलटे पडले. ‘आधी’ म्हणून स्वच्छ रस्ता, ‘नंतर’ म्हणून कचऱ्याचा ढीग आणि त्यात तोंड घालून उभी पांढरी गाय.

लक्षात आलं तेव्हा फोटोखाली अकरा अंगठे येऊन गेले होते. एका साहेबांनी वर कौतुकानं लिहिलंही होतं, "सराहनीय." मी डिलीट करणार, तेवढ्यात खाली एक प्रश्न आला. मला वाटलं, पकडले गेले.

"पहली फोटो में गाय नहीं है. कहाँ से आई? स्पष्ट करें."

बडे बाबूंनी उत्तर तोंडी सांगितलं, मी टाइप केलं: "गाय स्वेच्छा से आई."

खाली लगेच: "ठीक है."

*

आता टंडन मॅडम.

विकास नगरमध्ये राहणाऱ्या, इंटर कॉलेजातून फिजिक्स शिकवून रिटायर झालेल्या टंडन मॅडमनी पोर्टलवर तक्रार टाकली होती. पोर्टलवर आधी प्रकार निवडावा लागतो. त्यांनी ‘स्ट्रीट लाइट बंद है’ निवडलं होतं. आमचे लाइनमन शकील भाई गेले, फोटो काढून आणला, दिवा छान जळत होता. तक्रार निकाली. नियमाप्रमाणे मी फोन केला. तक्रारीच्या निकालाबद्दल आम्हाला एकच प्रश्न विचारायची परवानगी आहे.

"मॅडम, आप निस्तारण से संतुष्ट हैं या असंतुष्ट?"

"असंतुष्ट."

फोन बंद. तक्रार आपोआप पुन्हा उघडली.

शकील भाई परत गेले. परत फोटो, परत जळता दिवा, परत फोन. "असंतुष्ट." एकच शब्द, तोही वर्गात गृहपाठ परत करावा तसा. असं सहा वेळा झालं! झोनच्या बाकी सगळ्या तक्रारी मिटत आल्या होत्या. माझ्या स्क्रीनवर लाल अक्षरात एकच उरलेली, आणि कॉन्ट्रॅक्टचे पाच दिवस.

शकील भाई मोठे अदबशीर. तक्रार करणाऱ्याबद्दल वाकडं बोलत नाहीत. पण सहाव्या वेळी त्यांनाही राहवलं नाही. पोर्टलवर शेरा टाकून आले: "लाइट जल रही है. मोहतरमा को मोतियाबिंद की जाँच की सलाह दी जाती है."

हा शेरा तक्रारदाराला जसाच्या तसा मेसेजनं जातो, हे त्यांना माहीत नव्हतं.

दहा मिनिटांत फोन वाजला. दचकायलाही वेळ मिळाला नाही.

"वो लड़की है, जो फोन करती है?"

"हं... हाँ मॅडम."

"कल बारह बजे आओ. और डॉक्टर साहब को भी साथ लाना."

*

डॉक्टर साहेब, म्हणजे शकील भाई, स्कूटरवर पुढे आणि मी मागे. पोचलो तर मॅडम खांबाखाली छत्री घेऊन उभ्या. ऊन असं की रस्ता पांढरा दिसत होता. वर दिवा जळत होता.

"क्या दिख रहा है?" मॅडमनी विचारलं.

शकील भाईंनी छातीवर हात ठेवला. "हुज़ूर, जल तो रही है."

"अच्छा. और बजा क्या है?"

शकील भाईंनी घड्याळ पाहिलं, मग दिवा पाहिला, मग सूर्य पाहिला. मग माझ्याकडे.

मॅडमची तक्रार ही होती की दिवा विझतच नाही! दिवसरात्र जळतो. पोर्टलवर ‘लाइट बंद है’, ‘खंभा टूटा है’, ‘तार लटक रहा है’ एवढेच प्रकार. ‘विझत नाही’ असा प्रकारच नाही. त्यांनी त्यातल्या त्यात जवळचा निवडला आणि बाकीचं रिमार्कमध्ये लिहिलं. आणि दर वेळी शकील भाई दुपारच्या उन्हात यायचे, जळत्या दिव्याचा फोटो काढायचे आणि निकाली लावायचे. म्हणजे आम्ही त्यांना त्यांच्याच तक्रारीचा फोटो सहा वेळा पाठवला होता.

"रिमार्क वाचला नाहीस?" त्यांनी मला विचारलं.

रिमार्कचा रकाना आमच्या स्क्रीनवर आहे. पण तो पाहायला उजवीकडे सरकवावं लागतं. सहा महिन्यांत कोणी सरकवलं नव्हतं. मीही नाही.

"मॅडम, तुम्ही फोनवर तरी सांगायचं होतं."

"तू एका शब्दात विचारलंस," त्या म्हणाल्या. "मी एका शब्दात उत्तर दिलं. परीक्षेत जास्तीचं लिहिलं तर मी मार्क कापत असे."

शकील भाई मॅडमकडच्या शिडीवर चढले. गेल्या वर्षी टायमर बिघडला तेव्हा दिवा रात्री तरी जळावा म्हणून त्यांनीच तो डायरेक्ट जोडून दिला होता. आता टायमर दुरुस्त करून दिवा त्यावर परत घेतला. दिवा विझला. मॅडमनी छत्री मिटली आणि शिडीवरच्या शकील भाईंना म्हणाल्या, "डॉक्टर साहब, शुक्रिया."

*

ऑफिसात येऊन मी आनंदानं विझलेल्या दिव्याचा फोटो चढवला. दोन मिनिटांत हेड ऑफिसकडून परत.

"लाइट जलती हुई दिखाई नहीं दे रही. पुनः कार्यवाही करें."

पाचला पोर्टल बंद होणार, सूर्य साडेसहाला मावळणार. मी बडे बाबूंकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "जुना फोटो आहे ना, जळता?"

"पण ते खोटं होईल."

"बिटिया, सहा वेळा खरा फोटो लावून काम झालेलं नव्हतं. आता काम झालंय."

जुना फोटो चढवला. लगेच मंजूर. संध्याकाळी सातला मॅडमचा स्वतःहून फोन: "जली." दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा: "बुझी." ऑफिसात पोचल्यावर मी नियमाप्रमाणे विचारलं, आणि त्या म्हणाल्या, "संतुष्ट."

पेंडिंग शून्य! बडे बाबूंनी खस्ता-कचोरी मागवली. शकील भाईंनी दोन खाल्ल्या. घरी आईनं साखर ठेवली देवापुढे, आणि धाकटा भाऊ, जो मराठी समजतो पण बोलत नाही, म्हणाला, "दीदी, अब तो परमानेंट?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर हेड ऑफिसचं पत्र. मी उभ्यानंच वाचलं. ज्या झोनमध्ये प्रलंबित तक्रारी शून्य आहेत, तिथे ऑपरेटरची गरज काय, याचं कारण कळवावं. कारण नसल्यास कॉन्ट्रॅक्ट संपवावं. मुदत: उद्या सकाळी अकरा.

बडे बाबूंनी पत्र तीनदा वाचलं. "पेंडिंग असती तर तुझी चूक," ते हळूच म्हणाले. "पेंडिंग नाही, तर तुझी गरज नाही."

हजेरी लावायची राहिली होती म्हणून मी मशीनसमोर गेले. त्या दिवशी मला काहीच करावं लागलं नाही. समोर उभी राहिले मात्र. "धन्यवाद, केतकी."

दुपारी मॅडमना दुसरा फोन करायचा होता. निकाली तक्रारीला दोनदा विचारतात. मी विचारलं, पण आवाज चिरकला.

"संतुष्ट," मॅडम म्हणाल्या. मग, "आवाज़ को क्या हुआ?"

परवानगी एकाच प्रश्नाची आहे. उत्तरं किती द्यायची याबद्दल काही लिहिलेलं नाही. मी सगळं सांगितलं, पत्र, शून्य, उद्याचे अकरा.

"हं," मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला.

*

शेवटचा दिवस. मी माझी पाण्याची बाटली आणि शाल खरंच पिशवीत भरली होती. बडे बाबू पत्राच्या उत्तराचा फॉर्म घेऊन बसले. ‘प्रलंबित तक्रारी’च्या पुढे त्यांनी सावकाश गोल शून्य काढलं. पेन टोपणात घालणार, तेवढ्यात माझा कॉम्प्युटर वाजला आणि मी दचकून टेबलाला धडकले.

नवीन तक्रार. विकास नगर. तोच खांब. तक्रारदार, टंडन. प्रकार: ‘स्ट्रीट लाइट बंद है.’

"शकील को भेजूँ?" बडे बाबूंनी विचारलं.

मी उजवीकडे सरकवलं. रिमार्कचा रकाना पुढे आला. मी मोठ्यानं वाचलं:

"लाइट बंद है. इस समय सुबह के साढ़े दस बजे हैं. कोई जल्दी नहीं है."

"आजच आलेली तक्रार चुकीत धरत नाहीत," बडे बाबू म्हणाले, "गरजेत धरतात." त्यांनी ड्रॉवर उघडला, व्हाइटनरची बाटली काढली, शून्यावर नीट फिरवली, फुंकर मारली आणि वाळायची वाट बघत बसले.

"शकील को अभी मत बताना," ते म्हणाले.