वढायचा का ढकलायचा

दोर सुटला. माझ्या तळहाताची सालटं काढत सर्रकन् गेला आन् पाण्यात पडला, आन् तराफा निगाला की वाऱ्यावर! तराफ्यावर माझी सासू, आन् तिच्या मांडीवर माझी तान्ही लेक.

"अगं धर की! सोडलास कशाला?" आत्या वरडल्या. सासूला आमी आत्याच म्हनतो.

"आत्या, सुटला वो!"

"सुटला म्हनं! गाय हाय का ती सुटायला?"

आमचं घर तिकोना पेठंत, पवना धरनाच्या कडंला. माझ्या दिराचं तंबू हाईत, शनवार-रविवारी पावनं येत्यात. त्यांना बोटीत चढायला पिंपांवर फळ्या ठोकून तराफा केलाय. उन्हाळ्यात पानी मागं मागं सरतं, मग तराफा चिखलात रुतायच्या आत पुडं न्यावा लागतो. एकानं तराफ्यावर बसून लांबचा दोर सोडायचा, दुसऱ्यानं काठावरनं जवळचा धरून चालवत न्यायचा, गुरासारखा. दीर कामशेतला गेलता. आत्या म्हनल्या, आपनच नेऊ. लेकीला घेऊन त्या तराफ्यावर बसल्या, त्यांचा दोर सोडला आन् तेवड्यात वारं आलं. माझ्या एकटीच्यानं कुटं धरवतंय?

आन् वारं त्यांना नेत हुतं नेमकं जुन्या गावाकडं. धरनात बुडालेल्या घरांच्या दगडी भिंती उन्हाळ्यात वर येत्यात. त्याच्यावर पिंप आपाटलं की फुटनार, फळ्या निखळनार. आत्याला पवता येत न्हाई. मला बी न्हाई. मी खालीच बसले चिखलात.

काठावर म्हशी चारनारं एक आबा हुतं. ते वरनं वरडलं, "पोरी, बसलीस काय! मोटारबोट घे! दोर बांध आन् वढ!"

मी बोट कदी एकटीनं चालवली नव्हती. दीर सकाळी इंजिन चालू करायला सांगायचा, तेवडंच. पन एक हुतं. सांगितलं तर हसाल. मी मोबाईलात रोज टगबोट चालवायची.

आमचे हे मुंबईच्या बंदरात टगबोटीवर खलाशी हाईत. डोंगराएवडं जहाज येतं ना, त्याला ढकलून, वढून धक्क्याला लावनारी बुटकी बोट, ती टगबोट. सुट्टीला आले की मी सारकं इचारायची, तितं काय करता, कसं करता. मग त्यांनी जुन्या मोबाईलात गेमच टाकून दिला, "हे बघ आन् माझं डोकं खाऊ नगंस." लेकीला पाजताना मी ते खेळायची. मी आटवीतनं शाळा सोडली, त्यातलं इंग्रजी कळायचं न्हाई, पन बोट कळायला लागली. आत्या तर रोज बोलायच्या, "दूध उतू चाललंय आन् ही बया जहाज लावतीया!"

त्या गेमात मी लय येळा बुडाले. दर येळी एकाच चुकीनं. दोर बांधून वढायला जायची, जहाज भलतीकडं सरकायचं, दोर आडवा यायचा आन् माजी टगबोट पालती! ह्यांना फोनवर सांगितलं तर हे हसले न्हाईत. म्हनले, "खरं बी तसंच व्हतं. दोर आडवा आला की माणसाला उडी मारायला बी सवड मिळत न्हाई."

तेच डोक्यात आलं. मी बोटीत चढले, इंजिनाची दोरी वढली, चालू झालं. आबा वरडतंय, "दोर! दोर घे!" मी दोर घेतलाच न्हाई. ढकलायचं ठरवलं. पन ढकलून मागं आनायचा म्हंजे भिंती आन् तराफ्याच्या मधी शिरायला पायजे. चुकलं तर मीच चेपनार.

आन् पयलीच चूक झाली. गेमात चाक डावीकडं फिरवलं की बोट डावीकडं. हितं इंजिनाचा दांडा डावीकडं वढला की बोट उजवीकडं! मी सरळ काठाच्या खडकावर निगाले. आबानं डोक्याला हात लावला. मी मोट्यानं रडत हुते, रडतच दांडा उलटा केला. गेमात वरनं घारीसारकं दिसतं समदं. हितं बुडाला पानी, तोंडावर शिंतोडं, समोर तराफा आला की त्याच्यापल्याड काय हाय ते दिसतच न्हाई. इंजिनानं हात बधीर. आन् पुन्यांदा खेळायचं बटन न्हाई.

पन एक गोष्ट गेमानं खरी शिकवली हुती, बोटीला ब्रेक न्हाई. थांबायचं आसंल तर लय आदी इंजिन कमी करायचं. मी भिंतीजवळनं वळसा मारला, इंजिन पार बारीक केलं, आन् बोटीचं नाक तराफ्याला अल्लाद टेकवलं. टेकवलं, आपाटलं न्हाई! मग जोर दिला. तर तराफा गोल फिरायला लागला.

"अगं भवाने, जत्रंतल्या पाळन्यात बसवलंस व्हय मला!" आत्यांनी लेकीला पदरानं कमरंला बांधून घेतलं हुतं, आन् लेक? लेक हसत हुती!

कोपऱ्याला ढकललं की फिरतंय, हे बी गेमातलंच. मागं आले, मधोमध नाक लावलं, पुन्यांदा जोर. मागं भिंत एवडी जवळ की इंजिनाचं पानी तिच्यावर आपटायचा आवाज येत हुता. तराफा थांबला. थांबलाच निस्ता. मग हळूहळू, हळूहळू काठाकडं सरकला. मी वरडलेच, "आत्या, चालला! चालला वो!"

"दिसतंय मला! पुडं बघ, पुडं!"

काठाला लागल्यावर आबानं दोर पकडला. मी लेकीला घेतलं आन् अशी दाबली की ती रडायला लागली.

ह्यांना फोन केला. समदं ऐकून हे म्हनले, "मग? गेम खरा का खोटा?"

मी म्हनलं, "पानी खरं हाय त्यातलं. भ्या न्हाई."

आता आत्या तंबूतल्या पावन्यांना माज्याकडं बोट करून सांगत्यात, "ही आमची सून, टग चालवती." दूध उतू गेलं तरी बोलत न्हाईत. म्हंजे कमी बोलत्यात. आन् दीर गर्दी आसली की बोट माज्याच हातात देतो. मला आजून भ्या वाटतं, पन मी घेते.

ते आबा मातुर रोज म्हशी घेऊन येतंय आन् रोज तेच. "वढलं आसतंस तर कवाच आली आसतीस. मधी शिरायचं काय आडलं हुतं?" मी सांगून दमले.

तुमीच सांगा. वारं हाय, भिंती जवळ आल्यात, तराफ्यावर तुमची लेक हाय, आन् काठावरनं मोटं मानूस वरडतंय, वढ म्हनून. तुमी वढलं आसतं का मधी शिरला आसता?