आठ इंचांची पाल

शिंपीकाकांची लेक नोकरीसाठी परदेशी गेली आणि तिची बोटभर लेपर्ड गेको, म्हणजे ठिपक्यांची पाळीव पाल, काकांच्या गळ्यात पडली. बायको गेल्यापासून बापलेकीत बोलायला विषयच उरला नव्हता. तो या पालीने दिला. दर रविवारी काका काचेच्या पेटीत टेप धरून मोजायचे आणि फोनवर सांगायचे, "पाच इंच झाली गं!" लेक खुलायची, वजन विचारायची, वीस मिनिटं कशी जायची कळायचं नाही.

वर्ष उलटलं आणि पाल आठ इंचांवर थांबली. तीन रविवार काकांनी तेच सांगितलं. फोन दोन मिनिटांवर आला. चौथ्या रविवारी, उभ्या आयुष्यात कुणाचं माप न चुकवलेला तो माणूस म्हणाला, "आज साडेनऊ भरली!"

"बाबा, मादी एवढी नाही वाढत. तिची वाढ पूर्ण झाली. आता उगाच मोजत बसू नका."

"बरं," काका म्हणाले. तू जेवतेस ना वेळेवर, एवढं त्यांना विचारायचं होतं. ते ओठांवर येईपर्यंत फोन बंद झाला.

पुढच्या रविवारी ना त्यांनी फोन लावला, ना तिचा आला.